मान, अंग, बोंड : मल्लखांबाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीसारखाच हा भाग लिहून काढलाय. बोलताना मी भरकटलो तिथे थोडी कात्री लावली आहे, पण सगळीकडे नाही.

आधी एक काम करा. दोन्ही हात सरळ डोक्यावर न्या. दंड कानाला टेकतात का? कंबर मागे न वाकवता? माझे मागच्या वर्षापर्यंत टेकत नव्हते. मी अठ्ठावीस वर्षांचा, बी.टेक., दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर. आणि मी काही आळशी नव्हतो, बरं का. चार वर्षं नियमित जिम, डेडलिफ्ट शंभर किलोच्या पुढे. तरी एका रविवारी बागेत भाचीनं झाडाच्या फांदीला लटकून पाय वर टाकून दाखवले आणि म्हणाली, "आता तू." मी लटकलो. पाय कमरेच्या वर जाईनात. ती आठ वर्षांची पोर फांदीवर उलटी लोंबकळत म्हणाली, "मामा, तुझ्यात ताकद आहे, पण ती कुठे जातच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात महिनाभर होतं. भाची मल्लखांब करते. तिच्या सरांकडे मी आधी नुसता बघायला गेलो, मग एक दिवस घाबरत घाबरत पोरांच्या रांगेत उभा राहिलो. आणि मग सवयीप्रमाणे वाचत सुटलो. आजचा भाग त्या वाचनातून आलाय. त्यात माझा स्वतःचा एक जुना गुन्हाही आहे, तो शेवटी सांगतो.

सुरुवात खांबापासून करू. स्पर्धेत दिसतो तो पुरलेला मल्लखांब. सागवानी, जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता होत जाणारा. त्याचे तीन भाग. खालचा मोठा भाग म्हणजे अंग. त्यावर बारीक होतो ती मान. आणि सगळ्यात वर गोल गाठीसारखं बोंड. सरांनी पहिल्या दिवशी ही नावं सांगितली तेव्हा मी नुसती मान डोलावली. घरी आल्यावर लक्षात आलं, अरे, ही तर माणसाच्या शरीराची नावं आहेत. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना समोर लाकूड दिसत नव्हतं, पैलवान दिसत होता. खेळाचं नावही तेच सांगतं. मल्ल म्हणजे कुस्तीगीर, मल्लखांब म्हणजे कुस्तीगिराचा खांब.

म्हणजे मुळात हा कसरतीचा खेळ नव्हता. कुस्तीचा सराव होता.

आता कुस्तीगिराची अडचण काय असते बघा. त्याला पकड हवी, पण समोरचा माणूस काही बारबेलसारखा बारीक, खरखरीत आणि हातात मावणारा नसतो. तो जाड असतो, घामानं निसटता असतो. बोटं त्याच्याभोवती पुरत नाहीत. तिथे दंड, काख, छाती, मांड्या, पोटऱ्या, सगळ्यांनी मिळून आवळावं लागतं. हा सराव जोडीदारावर करायचा तर जोडीदार दमतो, त्याला लागतं. आणि मित्र असला तर तो नकळत थोडा सैल पडतो. खांब दमत नाही आणि दयाही दाखवत नाही. पहाटे चार वाजता कोणी आलेलं नसलं तरी तो हजर असतो.

वर त्याला एरंडेल लावतात. तेलानं कातडी सोलवटत नाही, पण पकड निसटायला लागते. म्हणून हातापायांना राळ लावायची. तेल आणि राळ यांच्या भांडणातून जे काही घर्षण मिळेल तेवढ्यावर तुमचं वजन. जिममध्ये मी पुल-अप मारायचो तेव्हा बोटं बारभोवती मिटली की काम झालं. इथे बोटं मिटतच नाहीत. पहिल्या आठवड्यात माझ्या मांडीच्या आतले जे स्नायू दुखले, ते आपल्याकडे आहेत हेच मला माहीत नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ, बरंच मागे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होता. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेलगतचं. त्यानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्यकारभार, स्वयंपाक, संगीत, हत्ती, खेळ, सगळं त्यात आहे. त्यातच मल्लांबद्दलचा भाग आहे आणि मल्लांनी करायचे 'श्रम', म्हणजे व्यायाम, दिलेत. वजन उचलण्याचा भारश्रम आहे, चालण्याचा भ्रमणश्रम आहे, पाण्यात पोहण्याचा सलिलश्रम आहे. आणि एक आहे स्तंभश्रम. खांबावरचा व्यायाम.

मला ही यादी वाचून गंमत वाटली. कारण आज ज्याला आपण ट्रेनिंग प्रोग्रॅम म्हणतो तो हाच आहे. ताकद वेगळी, दम वेगळा, आणि या सगळ्यानंतर खांब. फक्त भारानं मल्ल तयार होत नाही, हे सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कोणाला तरी नीट कळलेलं होतं. माझ्या जिमच्या ट्रेनरला मात्र नाही.

यानंतरची गोष्ट थेट दुसऱ्या बाजीरावाच्या काळात येते, आणि इथे येतात बाळंभटदादा देवधर. मल्लखांब शिकणाऱ्या प्रत्येक पोराला ही गोष्ट माहीत असते. हैदराबादकडचे दोन बलाढ्य पैलवान, अली आणि गुलाब, पेशव्यांच्या दरबारी आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कोणी पुढे येईना. मग पेशव्यांच्या पदरच्या तरुण बाळंभटानं आव्हान घेतलं, पण तयारीला मुदत मागितली. तो वणीच्या सप्तशृंगीला गेला, देवीची उपासना केली, आणि तिथे मारुतीनं वानररूपात लाकडी खांबावर त्याला डाव दाखवले. परत येऊन त्यानं गुलाबला चीत केलं आणि ते बघून अलीनं लढायचंच टाळलं.

गोष्ट छान आहे आणि मी ती मोडीत काढायला बसलेलो नाही. पण तिच्यामुळे एक घोटाळा होतो. सगळं एका दृष्टांतात झालं असं वाटतं. माझ्या धंद्यात ज्यानं रात्रीत सिस्टीम लिहिली असं सांगतात, त्यानं आधीची दहा वर्षं काय केलं ते कोणी विचारत नाही. खांब तर मानसोल्लासापासून होता. दादांनी तो नव्यानं उभा केला, त्यावरच्या उड्या आणि पकडी रचून त्याची शिस्त बसवली. म्हणून जाणकार त्यांना मल्लखांबाचे पुनरुज्जीवक म्हणतात. मला त्या गोष्टीतला वानर आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. दादांना मोठा पैलवान दिसला नाही, वानर दिसला. दंड फुगलेले नाहीत, वजनानं हलका, पण पायानं पकडणारा, अंग कुठूनही वळवणारा, आणि अख्खा दिवस तेच करणारा. अली-गुलाबपेक्षा जास्त जोर मिळवायला आयुष्य गेलं असतं. दादांनी जोर सोडून हालचाल वाढवली, असा मी त्या गोष्टीचा अर्थ लावतो. तुम्हाला दुसरा लावायचा तर लावा.

ही हालचाल कशी, ते डावांच्या नावांवरून कळतं. अढी हा पाया. खांब धरून पाय वर टाकायचे, उलटं होऊन मांड्यांनी खांब आवळायचा. तो आवळला गेला की मग हात सोडता येतात. बगली म्हणजे खांब काखेत पकडून केलेली अढी. सुईदोरा, नावातच सगळं आलं, हातांच्या पकडीतून अंग सुईतल्या दोऱ्यासारखं ओवून काढायचं. वेल म्हणजे वेलीसारखं वळत वळत वर जायचं. मग फिरकी, उतरती, दसरंग, झाप, फरारे, ताजवे. या एकेकात ताकद कुठे संपते आणि लवचिकता कुठे सुरू होते ते दाखवता येत नाही. सुईदोऱ्यात खांदा मोकळा नसेल तर ताकद निरुपयोगी. खांदा मोकळा आहे पण पोटात जोर नाही, तर अंग मधेच अडकतं. दोन्ही आहे पण शंभरदा केलेलं नाही, तर पाय नेमका चुकीच्या क्षणी सुटतो. मी ताकद सोमवारी, लवचिकता शेवटची पाच मिनिटं, आणि सराव म्हणजे पुढचा सेट, अशी तीन वेगळी मॉड्यूल करून ठेवली होती. जोडायचं कधी, हे कोडमध्ये लिहायचंच राहिलं होतं.

सरावाबद्दल एक छोटं वळण घेतो. १९२० च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन नावाचा शास्त्रज्ञ छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्यानं टिपत होता. हातोडा तर दरवेळी बरोबर छिन्नीवर बसायचा. पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग प्रत्येक ठोक्याला थोडा वेगळा निघाला. म्हणजे कसबी माणूस एकच हालचाल घोकत नाही, तो तोच प्रश्न दरवेळी नव्यानं सोडवतो. मल्लखांबावर तेलाचा थर रोज वेगळा, हवा दमट, कधी कोरडी, हात घामट. तीच अढी पन्नास वेळा घातली तरी ती पन्नास वेगळी गणितं असतात. सर "परत" म्हणतात तेव्हा मी आता कमी वैतागतो.

बरं, इतिहासाकडे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावाला आठ लाखांचं पेन्शन मिळालं आणि कानपूरजवळ बिठूरला पाठवलं. त्याच्याबरोबर माणसं गेली आणि माणसांबरोबर विद्याही. बाळंभटदादा आणि त्यांची शिष्यपरंपरा काशीकडे रुजली. दादांचे पट्टशिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्या पाठीला कुबड होतं आणि दादांनी त्यांना मल्लखांबावरच घडवलं, असं परंपरा सांगते. झाशीच्या राणीचं बालपण बिठूरचं, त्यामुळे तिचंही नाव मल्लखांबाशी जोडलं जातं. त्यात आज शिरत नाही, तो स्वतंत्र भागाचा विषय आहे.

याच काळात जर्मनीत काय चाललं होतं बघा. १८०६ मध्ये नेपोलियननं प्रशियाला झोपवलं. त्या पराभवाच्या सावलीत फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या मास्तरानं १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइडेमध्ये पोरांसाठी उघड्यावर आखाडा काढला. पॅरलल बार, हॉरिझाँटल बार यांचा प्रसार तिथून झाला. आज ऑलिम्पिकमध्ये दिसणारं जिम्नॅस्टिक्स बरंचसं त्या मातीतून आलंय. त्यातला पॉमेल हॉर्स तर मुळात घोड्यावर उडी मारून बसण्याचा सराव. खांब जसा पैलवानाच्या जागी उभा, तसा तो घोड्याच्या जागी. दोन देश, एकमेकांची काही खबर नाही, आणि युक्ती एकच. जिवंत, हलणाऱ्या गोष्टीच्या जागी न हलणारी ठेवायची आणि अंगाला वळण लावायचं.

यानचंही पुढे सुखाचं झालं नाही. १८१९ मध्ये त्याला अटक झाली, प्रशियात या आखाड्यांवर बंदी आली आणि ती १८४२ पर्यंत टिकली. पण बंदी उठल्यावर तिथे एक गोष्ट झाली जी आपल्याकडे झाली नाही. व्यायाम शाळेत गेला. साधनांची मापं ठरली, नियम छापले गेले, संघ निघाले. जिम्नॅस्टिक्सची आंतरराष्ट्रीय संघटना १८८१ मध्ये उभी राहिली. आपल्या मल्लखांबाचा देशपातळीवरचा महासंघ आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा उज्जैनला १९८१ मध्ये. मोजून शंभर वर्षं. आपल्याकडे वस्ताद होता, शिष्य होता, आणि त्या दोघांमध्ये कागद नव्हता. वस्ताद गेला की अर्धे डाव त्याच्याबरोबर.

असं म्हणताना मी थोडा अन्याय करतोय, कारण काही लोकांनी हे ओळखलं होतं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. मुंबईत दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून 'व्यायामज्ञानकोश' काढायला घेतला, त्याचे दहा खंड झाले. एका माणसानं संपादक म्हणून मागे लागून देशी व्यायाम कागदावर आणायचा, हे आजच्या भाषेत डॉक्युमेंटेशन, आणि डॉक्युमेंटेशन करणाऱ्याला ऑफिसात कोणी विचारत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे.

त्याच १९३६ मध्ये अमरावतीच्या मंडळाचा चमू बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी गेला आणि तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं झाली. यानच्या गावात मल्लखांब! हे वाचताना अंगावर काटा येतो. मग आठवतं की ते ऑलिम्पिक हिटलरचं होतं, आणि काटा वेगळ्या कारणानं येतो. बलदंड शरीरांचं कौतुक कोण, कशासाठी करतंय हे त्या स्टेडियममध्ये कोणी फार विचारलं नसावं.

स्वातंत्र्यानंतरचं मी भरभर सांगतो. कुस्ती मातीवरून मॅटवर सरकत गेली. मल्लखांब कुस्तीपासून सुटला आणि स्वतःच एक खेळ झाला. गुण, पंच, वेळ, गणवेश. काही जुन्या लोकांना याचं दुःख आहे. ते म्हणतात, खांब आता पैलवानासाठी उरला नाही, टाळ्यांसाठी उरला. मला पटतं आणि पटतही नाही. कारण तो कुस्तीपासून सुटला म्हणूनच तालमीबाहेर पडला. तालमीत मुलींना जागा नव्हती. पूर्वी वेतावर व्हायचा तो प्रकार आता सुती दोरावर आला. दोर पायाच्या अंगठ्यात पकडून वर जायचं, गाठ न मारता दोराच्याच वेढ्यांवर आसन घ्यायचं. त्यावर मुलींनी राज्य केलं, आणि आता त्या खांबावरही आहेत. २०२१ च्या अर्जुन पुरस्कारांत मल्लखांबपटू हिमानी परब होती. समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे सरांनी अंध मुलामुलींना मल्लखांब शिकवला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अंध मूल खांबावर उलटं होतं तेव्हा त्याच्याकडे फक्त कातडी, स्नायू आणि सराव असतो. दिसण्याचा भाग बाद. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत, शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा झाली, पंधरा देश आले.

आता तो गुन्हा.

आमच्या गावात तालीम होती. लाल माती, एका कोपऱ्यात मारुती, दुसऱ्या कोपऱ्यात पुरलेला मल्लखांब. मी बारावीला असताना तालमीच्या जागी जिम करायची टूम निघाली. निधीही मिळत होता. मी गावातला इंजिनीअरिंगला जाणारा हुशार पोरगा, तेव्हा अर्ज मी लिहिला आणि सह्याही मी गोळा केल्या. अर्जात मी 'कालबाह्य साधने' असा शब्द वापरला होता. तो मला अजून आठवतो कारण तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. माती उचलली, फरशी आली, वर रबरी मॅट. खांब काढता येईना, फार खोल होता. मग तो जमिनीलगत कापला. वस्ताद काही बोलले नाहीत. कापणाऱ्याला फक्त एवढं म्हणाले, "बोंड मला दे."

मागच्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेलो. वय झालंय, ऐकायला कमी येतं. बोंड देवळीत ठेवलेलं, तेल पिऊन काळं झालेलं. मी सांगितलं की मी आता मल्लखांब शिकतोय, अठ्ठाविसाव्या वर्षी, पोरांबरोबर. त्यांनी आधी माझ्या हाताचे तळवे उलटून बघितले. मग पँट वर करायला लावून गुडघ्याच्या आतली बाजू बघितली, तिथे घट्टे आहेत का म्हणून. होते थोडे. मग विचारलं, "अढी बसती का?"

म्हटलं, "बसते वस्ताद, पण डावीकडून नाही."

"मग निम्मीच बसती," ते म्हणाले. "समोरचा गडी काय कायम उजवीकडूनच येतोय व्हय?"

गावातल्या मंडळाला मी पुन्हा अर्ज दिलाय. नवा सागवानी खांब, खर्च मी आणि दोन मित्र उचलणार. जागा तीच मागितली आहे. उत्तर आलं की त्या जागी ट्रेडमिल आहे, ती हलवावी लागेल, बैठक घेऊन बघू. ट्रेडमिल दोन वर्षं बंद आहे. तिच्यावर पोरं शर्ट अडकवतात. मॅटखाली बुंधा अजून आहे, पायानं चाचपला तर थोडा उंचवटा लागतो.

पुढची बैठक पाडव्यानंतर आहे. काय होतं ते कळवीन. तोवर मी डावी अढी घालतोय.